मुंबईसमोरचा किनारा

‘अलिबागसे आया है क्या?’ हा टोमणा मुंबईत इतका रुळला, सिनेमांनी तो इतक्या वेळा वापरला, की अखेर एका अलिबागकराने त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. असे विनोद सगळ्याच समाजांवर होतात, ते मनाला लावून घेऊ नयेत, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

ते मान्य करू. पण मुंबईने अलिबागला हसावं ही गोष्ट फार अलीकडची आहे. १६७९ पासून पुढची पाऊणशे वर्षं मुंबईतल्या इंग्रजांना या किनाऱ्याची धास्ती होती. इथून कधी गलबतं सुटतील, कोणतं जहाज धरलं जाईल, याची चिंता त्यांच्या पत्रव्यवहारात पानोपानी दिसते. आज शनिवार-रविवार गाठून येणारे पाहुणे नागावच्या वाड्यांत उतरतात, वरसोलीच्या वाळूत फिरतात, ओहोटी पाहून कुलाबा किल्ल्यात जाऊन येतात आणि रविवारी संध्याकाळी मांडव्याची बोट पकडतात. त्यांना सुरूच्या बनांमधला गारवा भेटतो, पोपटी भेटते, पांढरा कांदा भेटतो. हा किनारा नेमका मुंबईच्या समोर आहे आणि त्यामुळेच इथे इतकं काही घडलं, हे मात्र त्यांच्या कानावर क्वचितच पडतं.

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात दोन बेटं दिसतात. अलीकडचं उंदेरी आणि पलीकडचं, दोन टेकड्यांचं, खांदेरी. दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणारं जहाज या बेटांच्या नजरेतून सुटत नाही. शिवाजी महाराजांनी खांदेरीचं हे मोल ओळखलं होतं. १६७२ मध्ये तिथे बांधकामाचा एक प्रयत्न झाला होता, पण इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले आणि काम राहिलं. सात वर्षांनी, १६७९ चा पावसाळा पुरता सरला नव्हता तेव्हा, मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि त्यांनी तटाचं काम सुरू केलं.

मुंबईकर इंग्रज हादरले. बेट आमचं आहे, निघून जा, असा निरोप त्यांनी धाडला. धन्याच्या हुकुमाशिवाय हलणार नाही, असं मायनाक भंडारींचं उत्तर आलं. मग इंग्रजांनी शिबाडं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्पने बेटावर उतरायचा प्रयत्न केला आणि तो तिथेच मारला गेला. नाकेबंदी चालू राहिली, पण तिचा फारसा उपयोग होईना. इंग्रजांची जहाजं मोठी, वाऱ्यावर अवलंबून आणि खोल पाणी मागणारी. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या आणि उथळ पाण्यातूनही निसटणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या किनाऱ्यावरून निघत, बेटावर धान्य, दारूगोळा आणि सामान उतरवत आणि उजाडायच्या आत परत येत. पहाऱ्यावरच्या जहाजांसमोर तटाची उंची वाढत होती आणि त्यांना ती थांबवता येत नव्हती.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याचं आरमार नागावच्या बाजूने बाहेर पडलं आणि थेट इंग्रजांच्या ताफ्यावर चालून गेलं. अर्ध्या तासात इंग्रजांची लहान गलबतं पळाली आणि ‘डव्ह’ नावाच्या जहाजाने निशाण उतरवलं. ‘रिव्हेंज’ तेवढं उरलं. त्यावरच्या केग्विन आणि मिंचिन या कप्तानांनी ते शर्थीने लढवलं आणि मराठ्यांचा पाठलाग केला, अशी इंग्रजांची नोंद आहे. ती खोटी मानायचं कारण नाही. पण त्या दिवसाचा खरा निकाल खांदेरीवर लागला. बांधकाम थांबलं नाही, रसद थांबली नाही. सुरतेच्या वरिष्ठांना खर्च झेपेना आणि जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी आपली जहाजं मागे घेतली. त्याच महिन्यात सिद्दी कासमने शेजारचं उंदेरी बळकावलं आणि दोन्ही बेटांच्या तोफा समोरासमोर आल्या.

राजांच्या लढाया पुस्तकांत येतात, पण पहाऱ्याखालून रात्री धान्याची होडी हाकणारे भंडारी आणि कोळी सहसा येत नाहीत. खांदेरीचा किल्ला त्यांनी उभा केला, असं मी म्हणेन.

खांदेरीवरचं ते नाट्य संपतं न संपतं तोच, १६८० च्या मार्चमध्ये, अलिबागच्या समोरच्या खडकावर कुलाबा किल्ल्याचं काम सुरू झालं. एप्रिलच्या सुरुवातीला महाराज गेले. किल्ला संभाजी महाराजांनी पुरा केला. त्याचा समुद्राकडचा तट जवळ जाऊन पाहण्यासारखा आहे. माणसाच्या छातीइतके मोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो आणि पाणी तसंच परत झिरपून जातं. चुन्याने घट्ट सांधलेली भिंत समुद्राचा सगळा धक्का अंगावर घेते आणि कुठेतरी तडकते. ही भिंत साडेतीनशे वर्षांच्या आसपास त्या लाटा खात उभी आहे. चारही बाजूंना खारं पाणी असताना किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि मोठी पुष्करणी आहे. तिच्याजवळचं गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. माघी गणपतीला तिथे आजही जत्रा भरते.

या किल्ल्यातून कान्होजी आंग्रे यांनी पश्चिम किनाऱ्यावर हुकमत चालवली. १७१३ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याशी त्यांचा तह झाला आणि ते शाहू छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले. त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक व्यापारी गलबताने त्यांचं दस्तक घ्यावं, फी भरावी आणि मग निर्धास्त जावं, असा त्यांचा नियम होता. दस्तक नसलेलं जहाज धरलं जाई. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटलं आणि पुढे दोन शतकं इतिहासाच्या पुस्तकांत तो शब्द चिकटून राहिला. मला हा अन्याय वाटतो. पोर्तुगीज याच समुद्रात दोनशे वर्षं ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकत होते आणि तो नसलेली जहाजं लुटत किंवा बुडवत होते. इंग्रज स्वतःचे परवाने देत होते. या किनाऱ्याच्या माणसाने आपल्या किनाऱ्यासमोर तेच केलं, तेव्हा तो चाचा ठरला.

१७१२ च्या नोव्हेंबरात कान्होजींच्या आरमाराने थेट मुंबईच्या गव्हर्नरची, विल्यम एस्लाबीची, नौका धरली. तीवर कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन आपल्या तरुण बायकोसह होता. चकमकीत तो मारला गेला आणि बायको आंग्र्यांच्या ताब्यात आली. तीस हजार रुपये भरून ईस्ट इंडिया कंपनीने तिला सोडवून नेलं. त्यानंतर काही काळ शांततेचा गेला. मग चार्ल्स बून गव्हर्नर होऊन आला आणि आंग्र्यांचा बंदोबस्त करायचा या एका ध्यासाने त्याने मुंबईत जहाजं बांधायचा सपाटा लावला. १७१८ मध्ये त्याने खांदेरीवर हल्ला केला आणि तो फसला.

मग १७२१ चा डिसेंबर उजाडला. इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजं घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला, गोव्याहून पोर्तुगीज व्हाइसरॉय फौज घेऊन आला आणि दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. युरोपातल्या दोन सत्ता एकत्र येऊन अलिबागच्या वाळूत उतरल्या, त्या कान्होजींसाठी. कान्होजींनी साताऱ्याकडे मदत मागितली आणि तरुण पेशवा बाजीराव घोडदळासह कोकणात उतरला.

पुढे जे झालं त्याची हकिगत क्लेमंट डाउनिंग नावाच्या इंग्रज खलाशाने लिहून ठेवली आहे. मॅथ्यूज किनाऱ्यावर असताना एका मराठा स्वाराने त्याच्यावर भाला फेकला आणि तो त्याच्या मांडीत घुसला. कमोडोर चवताळून स्वाराच्या मागे धावला, पण त्याची दोन्ही पिस्तुलं उडालीच नाहीत. इंग्रजांनी किल्ल्याला शिड्या लावल्या आणि काही जण वरही चढले. इतक्यात मराठा फौज पोर्तुगिजांच्या अंगावर गेली आणि पोर्तुगिजांची फळी फुटली. ते पळताना पाहून इंग्रजही तोफा टाकून मागे फिरले. मॅथ्यूज त्यानंतर रागाने इतका बेभान झाला की त्याने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली छडी खुपसली आणि व्हाइसरॉयचाही मान ठेवला नाही. दोन दोस्त सैन्यांची दोस्ती अलिबागच्या किनाऱ्यावर अशी संपली. ९ जानेवारी १७२२ रोजी पोर्तुगिजांनी मराठ्यांशी तह केला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परतले.

कान्होजी १७२९ च्या जुलैत वारले. अलिबाग शहरात भर वस्तीत त्यांची समाधी आहे आणि ती जरूर पाहावी. पुढे मुलांमध्ये भाऊबंदकी माजली, घराणं कुलाबा आणि विजयदुर्ग असं दुभंगलं, १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्गाच्या तुळाजी आंग्र्यांचं आरमार संपवलं. तो इतिहास दुखरा आहे आणि विजयदुर्गाचा आहे. कुलाब्याची गादी मात्र टिकली. १८३९ मध्ये शेवटचा वारस बालवयात गेला आणि १८४० मध्ये कंपनीने संस्थान खालसा केलं. १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा झाला आणि अलिबाग त्याचं मुख्य ठाणं. १९८१ मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं.

किल्ल्याच्या तटावर गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा आहेत आणि त्यांच्यापाशी फोटो काढल्याशिवाय कुणी परतत नाही. आंग्र्यांच्या तोफा म्हणून लहान मुलांना त्या दाखवल्या जातात. त्यांच्यावरची अक्षरं निरखून वाचली तर १८४९ हे साल आणि इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव दिसतं. आंग्र्यांचं राज्य गेल्यावर नऊ वर्षांनी त्या ओतल्या गेल्या.

कुलाब्याच्या उत्तरेला, किहीमजवळच्या नवगावला, वेगळाच ठेवा आहे. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज शतकांपूर्वी इथल्या खडकांवर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बुडालेल्यांना नवगावात पुरलं. त्या जागी आज स्मारक आहे. वाचलेल्यांचा वंश कोकणभर पसरला. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर अशी आडनावं त्यांनी घेतली आणि बोली मराठीच ठेवली. अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांचं मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर उभं आहे. जवळच्या खंडाळे गावात खडकावर एक खूण आहे. प्रेषित एलियाहू हनाबी रथातून स्वर्गात गेले तेव्हा ती उमटली, अशी श्रद्धा आहे. तिथे नवस फेडायला मलिद्याचं ताट नेतात.

मुंबईने त्यांनाही ओढून घेतलं. कंपनीच्या फौजेत नोकरीला गेलेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

आता अलिबागच्या एका अशा जागेबद्दल सांगतो जी समुद्रकिनाऱ्यापासून चार पावलांवर आहे आणि तरी तिची ओळख जगभरच्या शास्त्रज्ञांना आधी आणि पर्यटकांना शेवटी. ती म्हणजे इथली चुंबकीय वेधशाळा.

मुंबईच्या कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. जहाजांना अचूक वेळ कळावी हा पहिला हेतू. १८४० च्या दशकात तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजमापं सुरू झाली. चुंबकाची सुई कायम उत्तर दाखवते असं आपण शाळेत शिकतो, पण ती दिवसभरात किंचित हलत असते आणि सूर्यावर उलथापालथ झाली की जोरात हलते. १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्याकडून आलेलं, माणसाने नोंदवलेलं सर्वांत मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं ठप्प झाली. त्या वेळी कुलाब्यातले निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून आकडे वहीत उतरवत होते. त्यांच्या नोंदीत चुंबकीय बल सुमारे सोळाशे नॅनोटेस्लाने घसरलेलं दिसतं. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद ठरवली ती याच वहीवरून.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईने ठरवलं की घोड्यांच्या ट्राम बंद करून विजेवरच्या आणायच्या. रुळांतून आणि जमिनीतून वाहणारी वीज नाजूक चुंबकांना वेडंवाकडं हलवणार, हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभाई मूस, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. शहराची वाढ थांबणार नाही हे ओळखून त्यांनी नवी जागा शोधायला घेतली. हवी होती ती मुंबईपासून फार लांब नसलेली, कारण जुन्या नोंदींशी नव्या नोंदी जुळायला हव्यात, पण विजेपासून आणि आगगाडीपासून दूर असलेली. अलिबाग मुंबईपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर आणि मध्ये समुद्र. यापेक्षा चांगली जागा कुठली?

१९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा उभी राहिली. इमारतीला लोखंड चालणार नव्हतं. पोरबंदरचा दगड आणला आणि त्यात चुंबकत्व नाही ना, हे तपासून घेतलं. खिळे, बिजागऱ्या, कड्या पितळेच्या आणि तांब्याच्या. नोंदी घेणारी खोली दुसऱ्या खोलीच्या पोटात बांधली, कारण तापमान जरा बदललं तरी चुंबकाची लांबी आणि ताकद बदलते. त्या आतल्या काळोख्या खोलीत बारीक तंतूवर लहानसा चुंबक टांगलेला असे, त्याला चिकटवलेला आरसा. आरशावर प्रकाशाची तिरीप पडे आणि परावर्तित होऊन, घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या फोटोच्या कागदावर टेके. चुंबक केसभर हलला की कागदावरची रेघ ठळक सरके. दिवसाचा एक कागद, धुऊन काढलेला, तारीख घातलेला.

मूस यांचं खरं शहाणपण पुढे दिसतं. त्यांनी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही वेधशाळा एकाच वेळी चालवल्या. कुलाब्यात काय दिसतं आणि अलिबागला काय दिसतं, यातला फरक काटेकोर कळला. त्यामुळे जुनी मालिका न तुटता नव्या मालिकेला जोडता आली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा अलिबागचे चुंबक शांत होते. आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असलेली कुलाबा-अलिबागची ही नोंद जगातल्या सर्वांत लांब अखंड नोंदींपैकी एक आहे. ट्रामही मुंबईतून १९६४ मध्ये गेली. वेधशाळा आहे तिथेच आहे.

मुंबईच्या गडबडीतून इथे आलेला आणखी एक माणूस सांगायलाच हवा. १९३० मध्ये सलीम अली जर्मनीत पक्षिशास्त्राचं शिक्षण घेऊन परत आले, तर त्यांची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी पैशांअभावी बंद झालेली. हाताला काम नाही. ते आणि पत्नी तेहमिना किहीमच्या किनाऱ्यावरच्या घरात राहायला गेले. पावसाळा होता आणि घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत भरात होती. सलीम अली रोज तासन्‌तास टिपणं करत बसू लागले.

सुगरणीचा खोपा आपल्याकडे ओव्या-कवितांत केव्हापासून आहे, आणि त्यात विणणारी मादीच. किहीमला दिसलं ते असं. विणतो नर. तो खोपा अर्धा विणतो आणि थांबतो, पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून-चोचीने टोकरून पाहते. पसंत पडला तर ती तिथे मुक्काम करते आणि नर उरलेला अर्धा पुरा करतो. नापसंत पडला तर तो खोपा तसाच लोंबत राहतो. एक संसार मार्गी लागला की नर पुढचा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी आणतो. हे सारं क्रमाने आणि पुराव्यानिशी मांडणाऱ्या निबंधाने सलीम अलींचं नाव पक्षिशास्त्रात पक्कं झालं. नोकरी गेली नसती तर ते त्या पावसात किहीमला नसते.

किहीमपासून काही कोसांवर, त्याच दशकात, माणसांच्या संसाराची लढाई चालू होती. अलिबागच्या खारेपाटात, चरी आणि आसपासच्या गावांत, भातशेती खोतांच्या मालकीची. कूळ राबे, खाडीचे बांध तोच राखी, आणि पीक आलं की खोताच्या वाट्यानंतर हाती फार थोडं उरे. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं तरी खोताचं देणं सुटत नसे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीच्या सभेत नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावांनी जमीन पडीक टाकली. लोक रानातली लाकडं विकून जगले, मिळेल ते खाऊन जगले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. संप सहा वर्षांच्या आसपास चालला. १९३९ मध्ये कुळांना कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा नांगर पुन्हा शेतात गेले. नारायण नागूंनी सुरू केलेलं ‘कृषीवल’ वर्तमानपत्र या लढ्याच्या काळातलं.

भारतातल्या सर्वांत दीर्घ शेतकरी संपांत याची गणना होते, आणि अलिबागला येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांनी चरी हे नावही ऐकलेलं नसतं. मला याचं वाईट वाटतं, आणि त्याहून वाईट याचं वाटतं की त्या तालुक्यातल्या जमिनी आज मुंबईच्या बंगल्यांसाठी तुकड्यातुकड्यांनी विकल्या जात आहेत. कुळाच्या नातवाला भाव चांगला मिळतो, हे खरं. तो जमिनीचा मालक कसा झाला, हे बंगला बांधणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

आणि मग १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. आषाढी अमावास्या, म्हणजे गटारी. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, घरकामात असलेली माणसं सणाला गावी निघालेली. सकाळी आठ वाजता भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट अलिबाग तालुक्यातल्या रेवसकडे सुटली. कोकणच्या प्रवाशांनी परदेशी कंपनीची मक्तेदारी मोडायला जी स्वदेशी बोटसेवा उभी केली होती, तिला लोक ‘माझी आगबोट’ म्हणत. ‘रामदास’ तिच्याच ताफ्यातली, १९३६ साली बांधलेली. जवळजवळ सातशे माणसं होती. बंदराबाहेर वारा वाढला, लाटांनी पाणी आत यायला लागलं. घाबरलेले लोक एका बाजूला धावले, बोट कलंडली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटी झाली. सहाशेहून अधिक लोक गेले.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला काही कळलंच नाही. एक लहान मुलगा तरंगत गेटवेच्या बाजूला लागला आणि त्याने सांगितल्यावर दुपारी बातमी फुटली. त्याआधीच रेवसच्या बाजूने मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांना पाण्यात माणसं दिसली होती. त्यांनी होडीतली मासळी समुद्रात टाकून दिली, माणसांना वर ओढलं आणि किनाऱ्याला आणलं. दिवसाची कमाई, तीही सणाच्या तोंडावरची. जे वाचले त्यांतले बरेच या होड्यांमुळे. अलिबाग, पेण, रोहा, माणगाव, महाड आणि गिरगाव-परळच्या चाळी यांतून एकाच वेळी आक्रोश उठला. पुढे कित्येक वर्षं म्हातारी माणसं कालगणना ‘रामदास बुडाली त्या साली’ अशी करत.

२०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबई-अलिबाग अंतर तासाभरावर आलं. माणसांचा लोंढा त्यामुळे कितीतरी वाढला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात खांदेरी आहे. तिथे १८६७ मध्ये बांधलेलं दीपगृह आहे, कोळ्यांच्या श्रद्धेचं वेताळाचं देऊळ आहे, आणि दगडाने ठोकला तर धातूच्या भांड्यासारखा खणखणणारा एक खडक आहे. यादीत नाव आल्यावर तिथे जाणारे वाढणार, धक्के आणि बोटी यांचे ठेके निघणार. पाहुण्यांना बेटावर न्यायचा पहिला हक्क थळच्या होड्यांचा राहावा. इंग्रजांच्या पहाऱ्याखालून त्या बेटाला धान्य पोचवणारी माणसं याच किनाऱ्यावरची होती.